डोळे बाहेर, कान आत: अस्वस्थ मनाच्या लघुपटाचे सीन आखताना

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. विद्यार्थ्याचा दहा मिनिटांचा लघुपट आहे. नायक विशीतला. एका रात्री जिवलग मित्राचा फोन आला, याने स्क्रीनवर नाव बघितलं आणि फोन पालथा घातला. त्याच रात्री मित्र अपघातात गेला. तेव्हापासून याचं मन थाऱ्यावर नाही. चौदा सीन कागदावर आहेत. शूटिंगला दोन दिवस, कलाकार तीन, लोकेशन म्हणजे दोन घरं आणि एक गच्ची. शेवटी उलगडा होतो की इतका वेळ नायकासोबत दिसणारा मित्र जिवंत नव्हताच. आणि विचारलं आहे ते असं: सीनचा क्रम कसा लावू, आणि त्याच्या डोक्यातला गोंधळ पडद्यावर कसा आणू?

विद्यार्थी आहेस म्हणून सरळ अरे-तुरेवर येतो, राग मानू नये.

सीनची यादी मी दोनदा वाचली. आरशात बघत रडतो. दचकून जागा होतो. कॉरिडॉरमधून पळतो. कानावर हात दाबून खाली बसतो. आरसा फोडतो. गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभा राहतो. या चौदा ओळींमध्ये एकच गोष्ट चौदा वेळा लिहिली आहे: त्याला त्रास होतोय. तिसरा सीन अकराव्या जागी आणि अकरावा तिसऱ्या जागी ठेवला तरी काहीच बिघडत नाही. क्रम लागत नाहीये तो यामुळे. लिहिल्यात त्या अवस्था, सीन अजून लिहायचे आहेत.

मी मूळचा संकलक. दिग्दर्शन नंतर आलं, आणि विद्यार्थ्यांच्या लघुपटांना हात लावणं तर अजून नंतर. या विषयावरचे लघुपट एडिटला येतात तेव्हा त्यांची एक ठरलेली तऱ्हा असते. एकेक शॉट सुंदर, प्रकाशयोजना जीव ओतून केलेली, आणि टाइमलाइनवर कुठलाही शॉट उडवला तरी गोष्टीला ओरखडाही जात नाही. बारा मिनिटांचा रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, बघता बघता पाच मिनिटांवर येतो आणि दिग्दर्शक शेजारी बसून हिरमुसतो. चूक त्याच्या मेहनतीची नसते, कागदाची असते.

तेव्हा आधी कागद. प्रत्येक सीनचं एक कार्ड कर आणि त्यावर तीनच गोष्टी लिही: या सीनमध्ये त्याला काय उरकायचं आहे, मध्ये काय आडवं येतं, आणि सीन संपताना काय बदललेलं असतं. 'उरकायचं' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. 'त्याला शांती हवी आहे' असं कार्डावर लिहिलं की पुन्हा गाडी अवस्थेवर घसरते. दार लावणं, निरोप पोचवणं, वस्तू परत करणं, झोपणं, अशी हाताने करायची कामं हवीत.

तुझाच 'दचकून जागा होतो' घेऊ. यात त्याला काहीच उरकायचं नाही. आता हे बघ: सकाळी सहाला उठायचं आहे, अलार्म लावायचा आहे, आणि अलार्म फोनमध्ये आहे. फोन त्या रात्रीपासून पालथाच आहे. तो फोनकडे हात नेतो, हात मागे घेतो, उठतो, कपाटातून जुनं गजराचं घड्याळ काढतो, चावी देतो, कानाला लावून बघतो. बंद. परत फोनकडे. इथे नटाला एक अश्रू गाळायची गरज नाही, आणि प्रेक्षकाला कुणी काही न सांगता कळतं की या मुलाला स्वतःच्या फोनची भीती वाटते. मन दाखवता येत नाही, पण मनामुळे साधं काम कसं अडलं ते दाखवता येतं. मला या धंद्यात जे काही कळलं त्यातलं बरंचसं यात आलं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या कबूल करून टाकतो. पहिली आणि मोठी: तुझ्या नायकाला नेमकं झालं आहे काय? आजार की शोक? तुझ्या टिपणात एका जागी 'स्किझोफ्रेनिक' आणि दुसऱ्या जागी 'स्प्लिट पर्सनॅलिटी' असं लिहिलं आहे. हे दोन वेगळे विकार आहेत. घोटाळ्याला नावही थोडं जबाबदार आहे. १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने 'दुभंगलेलं मन' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून स्किझोफ्रेनिया हे नाव घडवलं, आपण त्याला छिन्नमनस्कता म्हणतो. पण त्याला म्हणायचं होतं ते विचार, भावना आणि वागणं यांची एकमेकांशी गाठ सुटणं. एका माणसात दोन माणसं राहणं हा त्याचा अर्थ नव्हता. आजाराचं नाव संवादात घेणार असलास तर पटकथा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला वाचायला दे. एका बैठकीत निम्म्या चुका निघतात.

पण मला विचारशील तर तुझी गोष्ट आजाराची नाहीच. ती शोकाची आणि अपराधीपणाची आहे. मेलेला माणूस दिसला किंवा त्याची हाक ऐकू आली की लगेच वेड, हे समीकरण सिनेमाने पक्कं केलंय. १९७१ मध्ये डेवी रीस या डॉक्टरने वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून एक अभ्यास छापला. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व कधी ना कधी जाणवलं होतं, काहींना तो दिसला होता, काहींनी आवाज ऐकला होता. बहुतेकांनी ते आधी कुणाला सांगितलंही नव्हतं. रीसने हे अनुभव शोकाचा नेहमीचा भाग मानले. तुझ्या नायकाला फोनची रिंग ऐकू येते म्हणून त्याला वेडा ठरवायची घाई करू नको. तो ऐकतो आणि कुणाला सांगत नाही, यातच गोष्ट आहे.

यावरून शेवटच्या उलगड्याकडे येतो. तो काढून टाक. वाईट वाटेल, पण काढ. तिसरं कुणी त्या मित्राशी बोलत नाही हे प्रेक्षकाच्या दुसऱ्या मिनिटाला लक्षात येतं, मग उरलेली आठ मिनिटं तो तुझी चोरी पकडत बसतो. शिवाय उलगडा राखून ठेवायचा म्हणजे जी गोष्ट मुलाला पोखरते आहे तीच सगळ्या सीनमध्ये दडवावी लागते. पहिल्या मिनिटातच सांगून टाक: फोन आला, याने पालथा घातला, मित्र गेला. पुढची नऊ मिनिटं प्रेक्षक त्याच्या बाजूने घाबरेल.

दुसरा निर्णय नजरेचा. आपण त्याच्या डोक्यात आहोत, शेजारी बसलो आहोत, की लांबून बघतो आहोत? विद्यार्थ्यांचे लघुपट इथे हमखास गडबडतात. एका सीनमध्ये त्याला दिसणारा भास आपल्यालाही दिसतो, पुढच्यात आपण आईच्या बाजूने त्याला एकटंच बडबडताना बघतो, आणि कशावर विश्वास ठेवायचा ते कळेनासं होतं. तो गोंधळ नायकाचा नसतो, दिग्दर्शकाचा असतो. मी छोट्या बजेटला एकच नियम सुचवतो: डोळे बाहेर, कान आत. चित्रात फक्त तेच दिसेल जे खोलीत खरोखर आहे. आवाजात मात्र तो जे ऐकतो ते सगळं येईल.

कारणं दोन. भास चित्रात आणायचा तर मेकअप, व्हीएफएक्स, दुसरा नट, आणि स्वस्तात केलं की ते स्वस्तच दिसतं. आवाजाला खर्च कमी आणि कानावर माणूस चटकन विश्वास ठेवतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. छिन्नमनस्कतेतही डोळ्यांच्या भासांपेक्षा कानाचे भासच जास्त आढळतात. म्हणजे आजाराकडे झुकलास तरी हा नियम खोटा पडणार नाही.

हा नियम तुझ्या गोष्टीत कसा चालेल ते एका फ्रेमवरून दाखवतो. रात्र, पलंगाशेजारचं लाकडी टेबल, त्यावर फोन आणि पाण्याचा अर्धा भरलेला ग्लास. पहिल्या रात्री फोन व्हायब्रेट होतो, टेबल घुमतं आणि ग्लासातलं पाणी थरथरतं. हात येतो, फोन पालथा घालतो, पाणी हळूहळू स्थिर होतं. कट. पुढे केव्हातरी दुसरी रात्र, तीच फ्रेम, तोच आवाज, पण पाणी स्थिर आहे. सांगायची गरजच नाही की आता फोन वाजत नाहीये, त्याला ऐकू येतंय. आणि अगदी शेवटी तिसरी रात्र. टेबलावर शांतता. आपण त्याच्या कानांनी ऐकतोय आणि त्याने ऐकणंच बंद केलंय. पण पाणी थरथरतंय. खरा फोन आलाय. तीन शॉट, एक फ्रेम, एकही संवाद नाही. (पाणी थरथरायला फोनवर विसंबू नको, कॅमेऱ्यात ते जेमतेम दिसतं. असिस्टंटला टेबलाखाली बसव आणि खालून बोटांनी टिचक्या मारायला सांग. ग्लासाच्या मागून एक छोटा दिवा दे, म्हणजे पाण्यावरच्या कड्या चमकतात.)

आवाजाचं काम शूटिंगच्या दिवशीच करायचं असतं, नंतर नाही. प्रत्येक खोलीत सगळ्या युनिटला गप्प बसवून एक मिनिट रूम टोन, म्हणजे त्या खोलीचा स्वतःचा आवाज, रेकॉर्ड करून घे. पंखा चालू असताना एकदा, बंद असताना एकदा. संवाद नेहमी पंखा बंद ठेवून रेकॉर्ड कर, पंख्याची घरघर एडिटमध्ये घालता येते, स्वच्छ काढणं मात्र अवघड असतं. आणि ती हातात असली की तिच्याशी खेळता येतं: समोरचा माणूस बोलतोय, याचं मन भरकटलं की पंख्याचा आवाज विरत जातो, कुणी नावाने हाक मारली की एकदम परत येतो. प्रेक्षकाला पंखा आठवणारही नाही, पण छातीत काहीतरी झाल्यासारखं होईल. कुजबुज, घुमणारं हसू, 'तूच मारलंस' असे आवाज मात्र नको. ते ऐकलं की लोक खुर्चीत सावरून बसतात, की चला, आता भयपट.

कॅमेऱ्याबद्दल लिहायला घेतलं की मला स्वतःचा पहिला लघुपट आठवतो. विषय हाच, मनाचा. मी तो अख्खा तिरक्या फ्रेममध्ये शूट केला, मधूनमधून लाल प्रकाश. दाखवून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका काकांनी अगदी आपुलकीने विचारलं, "बाळा, स्टँडचा एक पाय मोडला होता का?" तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्याहून नेमकी समीक्षा कुणी केली नसती. तिरकेपणा जिथे चालला तिथे तो नुसत्या कॅमेऱ्याचा नव्हता. १९२० च्या 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी' या जर्मन मूकपटात घरं, खिडक्या, रस्ते, सगळंच वाकडं रंगवलेलं आहे, सावल्यासुद्धा रंगाने काढल्या आहेत, आणि ती गोष्ट सांगणारा माणूस मनोरुग्णालयात आहे हे शेवटी कळतं. तिथे वाकडेपणा हाच त्या जगाचा कायदा आहे. तुझ्याकडे दोन साधी घरं आहेत. ती साधीच राहू देत.

साध्या घरात करता येण्यासारखं पुष्कळ आहे. नायक एकटा असला तरी फ्रेम दोघांची लाव. बाकावर तो डाव्या टोकाला, उजवीकडची जागा मोकळी, आणि ती मोकळीच ठेवायची. जिना उतरताना तो भिंतीकडेने चालतो, दुसऱ्याला वाट ठेवल्यासारखा. हे चौथ्यांदा दिसलं की रिकाम्या जागेला वजन येतं. लेन्सचं म्हणशील तर, फोनवर शूट करणार असशील तर बहुतेक फोनची मुख्य लेन्स वाइड, म्हणजे रुंद कोनाची असते. तिने हातभर अंतरावरून चेहरा घेतला की नाक पुढे येतं, कान मागे जातात, चेहरा किंचित परका होतो. एखाद्या सीनला ते हवंही असेल, पण नकळत सगळीकडे झालं तर नट विनाकारण कुरूप दिसतो. मागे सर आणि दुप्पट झूमची लेन्स लाव. हँडहेल्ड की ट्रायपॉड, यावर मी भांडणार नाही. एक ठरव, आणि ते मोडायचं तर एकदाच मोड.

आता चेहरा. नटाला 'आतून तुटलेला दिस' असं सांगितलं की तो दिसतो, आणि सगळं संपतं. शंभरेक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने मोझुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार क्लोजअप वेगवेगळ्या शॉटना जोडला, एकदा सूपची ताटली, एकदा शवपेटी. बघणाऱ्यांना एकदा भूक दिसली, एकदा दुःख. चेहरा तोच होता. तुझ्या शॉट डिव्हिजनमध्ये, म्हणजे शॉटच्या यादीत, मी चेहऱ्याचे एकवीस क्लोजअप मोजले आणि तो काय बघतोय याचे फक्त तीन शॉट. हे प्रमाण उलटं कर. चेहरा कोरा राहू दे, त्याच्या आधी आणि नंतर काय येतं ते ठरव.

आणि एक गोष्ट नटाला सांगायची, ती मला उशिरा कळली. मन बिनसलेला माणूस दिवसभर तसा दिसत नाही. तो लपवण्यात पटाईत असतो. विनोद करतो, वेळेवर पोचतो, 'मी ठीक आहे' हे इतक्या सहज म्हणतो की घरच्यांनाही पटतं. नटाला दुःख करायला देऊ नको, लपवायला दे. जे निसटेल ते खरं असेल.

हे सगळं एकत्र कुठे येतं? तुझ्या यादीतला नववा सीन: 'मित्राच्या आईला भेटतो आणि रडतो.' चौदातला मला सगळ्यात आवडलेला हाच, आणि यालाच तू अर्ध पान दिलं आहेस. मी असतो तर अख्खा लघुपट याच्या भोवती बांधला असता. त्याला काय उरकायचं आहे? मित्राची एक पिशवी याच्याकडे राहिली आहे, ती परत द्यायची आणि निघायचं. आडवं काय येतं? काकू. त्या शांत आहेत. पिशवी घेत नाहीत, बस म्हणतात. आतून मित्राचा फोन आणतात, वायरसकट.

"रोज चार्ज करते बघ याला. पण उघडत नाही. तो काहीतरी रेघ ओढायचा ना रे? तुला माहीत असेल."

"नाही काकू."

"मी रोज करून बघते. पाच वेळा चुकलं की तीस सेकंद थांब म्हणतो मेला."

आणि दोघं गप्प. तो शब्द तोंडातून गेला तो गेला. काकूंचं काम करणाऱ्या बाईंना इथे काहीही करू नका म्हणून सांग, नजरसुद्धा खाली नाही. कॅमेरा फोनच्या स्क्रीनवर: तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. पूर्ण तीस सेकंद धर. एडिटला कुणीतरी म्हणेल की बारा सेकंदांवर आणू, ऐकू नको. पंख्याचा आवाज विरायला लागतो. मग एक क्लोजअप: नायकाच्या मांडीवर त्याचा अंगठा. पॅन्टच्या कापडावर अंगठा आपोआप एक रेघ ओढतोय. खाली, आडवी, वर. त्याला ती रेघ चांगली माहीत आहे. फोन उघडला तर सगळ्यात वर त्या रात्रीचा कॉल दिसणार, याच्या नावाचा, न उचललेला. शून्य होतं, काकू परत प्रयत्न करतात, चुकतात. तो पिशवी तिथेच ठेवून उठतो.

इथे रडणं कुठे आलं? कुठेच नाही. बदललं काय? आत येताना तो फक्त दुःखी होता, बाहेर पडताना तो खोटं बोललेला आहे. पुढच्या सीनला इंधन मिळालं, आणि क्रमाचा प्रश्न सुटायला लागला, कारण आता हा सीन अलीकडे-पलीकडे हलवता येत नाही. (रेघ ठरवताना एल किंवा झेडसारखी ओळखीची नको, आणि फार गुंतागुंतीचीही नको. दोन वळणं पुरे. नटाने ती इतकी घोटलेली असावी की बोलता बोलता ओढता यावी.)

गच्चीबद्दल स्पष्ट बोलतो. तो सीन काढच. आत्महत्येची कृती किंवा पद्धत पडद्यावर दाखवू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवर काम करणाऱ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत दिला आहे. अडचणीत असलेला माणूस मदत मागतो आणि तगून राहतो, अशी पात्रं दाखवा असंही त्यात आहे. तुझा लघुपट बघणाऱ्यांमध्ये कुणी आधीच त्या कडेवर असू शकतं, हे विसरून चालत नाही. कलेच्या बाजूनेही तो सीन कच्चा आहे. कठड्याशी उभं करणं म्हणजे गोष्टीने विचारलेला प्रश्न टाळणं, आणि इथे प्रश्न एकच आहे: तो काकूंना खरं सांगणार का? शिवाय दमलेलं विद्यार्थी युनिट, रात्रीची वेळ आणि खराखुरा कठडा, या तीन गोष्टी एका जागी आणू नयेत. अपघात होतात.

इथपर्यंत जे झालं ते एका दमात: अवस्थांची कामं केली, उलगडा आधीच सांगून टाकला, डोळे बाहेर आणि कान आत ठेवले, तीन रात्री एका फ्रेमला बांधल्या, काकूंचा सीन मध्यावर आणला, गच्ची गेली. चौदाचे सात सीन राहिले. पहिली रात्र, जिना आणि बाक, गजराचं घड्याळ, काकू, दुसरी रात्र, पुन्हा तोच जिना (या वेळी त्याच्यासोबत कुणीतरी खरं माणूस आहे, आणि त्याला ती जागा द्यायला जमत नाही), तिसरी रात्र.

दोन दिवसांत हे बसतं का? पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशेब धरला तर दहा पानं. आमच्यासारख्या छोट्या युनिटला दिवसाला पंधरा ते अठरा सेटअप (कॅमेरा आणि दिवे नव्याने लावणं म्हणजे एक सेटअप) झेपतात, त्यापुढे फोकस चुकायला लागतो आणि माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात. म्हणजे तीसेक सेटअप. मूळच्या चौदा सीनना सत्तर लागले असते. काकूंचा सीन पहिल्या दिवशी सकाळी ठेवू नको, नटांची अजून ओळख नसते. पहिल्या दिवसाच्या शेवटीही नको, सगळे मेलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोक्याने. त्या सीनआधी नटाला 'तुझ्या आयुष्यातलं कुणी गेलेलं आठव' असं कधीही सांगू नको. काही दिग्दर्शक याला तंत्र म्हणतात, मी त्याला आगाऊपणा म्हणतो. दुसऱ्याची जखम उघडायची, आणि ती बंद करता येत नाही म्हणून पॅक-अप करून निघून जायचं, हे बरोबर नाही. अंगठ्याने रेघ ओढायला दिली आहे, तेवढं काम त्याला पुरेल.

शूटिंग क्रमाने होणार नाही, म्हणून एक तक्ता लागतो. मी त्याला 'पारा' म्हणतो. प्रत्येक सीनसमोर दोन आकडे, सुरुवातीला पारा किती आणि शेवटी किती, शून्य ते दहा. काकूंचा सीन चारने सुरू होऊन आठवर संपतो, गजराचा तीनने सुरू होऊन पाचवर. टेक घ्यायच्या आधी नटाला फक्त आकडा सांगायचा, भाषण नाही. तक्ता भरला की आणखी एक गोष्ट कळते: आकडे सारखे चढतच जात असतील तर कुठेतरी उतार घाल. दुसऱ्या जिन्याच्या सीनमध्ये तो सोबतच्या माणसाच्या विनोदावर खरंच हसला, तर तिसरी रात्र जास्त लागेल.

शेवटच्या शॉटबद्दल मी एवढंच सुचवेन. शांतता, थरथरणारं पाणी, मग हात येतो आणि पहिल्यांदाच फोन सुलटा करतो. स्क्रीनवर मित्राचं नाव आहे. काकूंनी त्याच्याच फोनवरून लावला आहे, म्हणजे कुलूप उघडलं आहे, म्हणजे त्यांनी ते बघितलं आहे. इथे सगळे आवाज एकदम परत येतात: व्हायब्रेशन, पंखा, बाहेरचा रस्ता. तो उचलतो. पलीकडून काय येतं ते ऐकवायचं की नाही, हे तू ठरव. मी 'हॅलो'च्या आधी कापलं असतं, पण माझा सहाय्यक यावर माझ्याशी अजून भांडतोय.

या तीन रात्री पहिल्या दिवशी एकापाठोपाठ उरकून घे. ट्रायपॉडच्या पायांभोवती आणि टेबलाच्या पायांभोवती जमिनीवर टेप लाव, ग्लासाखाली पेन्सिलीने गोल काढ, आणि तिन्ही होईपर्यंत कुणालाही कशाला हात लावू देऊ नको. फक्त एक अडचण आहे. पहिल्या रात्री तो गुळगुळीत दाढीचा हवा आणि तिसऱ्या रात्री वाढलेल्या, आणि हात फ्रेममध्ये येताना हनुवटी दिसणार. तेव्हा उलट्या क्रमाने शूट कर: तिसरी, दुसरी, मग मध्ये वीस मिनिटांचा ब्रेक, आणि पहिली. दुसऱ्या रात्रीसाठी ट्रिमर फिरवून खुंट ठेवायचे. म्हणजे नायकाला आजपासूनच दाढी करू नको म्हणून सांगावं लागेल, आणि काकूंचा सीन दुसऱ्या दिवशी दाढीशिवाय पडणार, तर गोष्टीत त्याने काकूंकडे जायच्या आधी घाईघाईत दाढी केली असं एखादा ओला टॉवेल दाखवून सांभाळून घे. दुसऱ्या रात्रीचे खुंट मग त्या भेटीनंतर दोन-तीन दिवसांचे धरता येतील. ट्रिमर आणि रेझर कुणाच्या बॅगेत आहे हे आदल्या रात्री फोन करून विचारून घे.